तबकडी एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे

एखादी पेढी विकली जाते तेव्हा खरेदीखतात काय काय लिहिले जाते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावयास नको. दुकानाची जागा, गोदामातील माल, येणे-देणे, पेढीचे नाव आणि त्या नावाबरोबर येणारी पत, या सर्वांची नोंद होते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हस्तांतरित झालेल्या काही कंपन्यांच्या मालमत्तेत मात्र अशी एक वस्तू होती, की जिचे खरे मोल विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि विकत घेणाऱ्यालाही नव्हते. ती वस्तू म्हणजे जॅझ संगीताची आरंभीची ध्वनिमुद्रणे. आज शंभर वर्षांनंतर ती पुन्हा प्रकाशित करावयाची झाल्यास परवानगी कोणाची घ्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर संगीताच्या ग्रंथांत सापडत नाही. ते जुन्या खरेदीखतांत आणि न्यायालयांच्या निकालांत शोधावे लागते.

जॅझ हे मुख्यतः न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेले संगीत. त्याची पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती मात्र ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या पाच गोऱ्या वादकांच्या संचाची. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने ती मुद्रित केली. तिच्यावरील ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ ही रचना इतकी खपली, की ती नेमकी कोणाची यावरून त्याच वर्षी शिकागोच्या न्यायालयात वाद उभा राहिला. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर न्यायाधीशांनी ती रचना दोघांपैकी कोणाचीच नाही, असा निर्णय दिला. या संगीताचा आणि मालकीच्या तंट्यांचा प्रवास अशा रीतीने एकाच वर्षी सुरू झाला.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे. पहिली रचना, म्हणजे स्वरलिपीत लिहिता येणारे गीत. तिचा हक्क रचनाकाराकडे किंवा प्रकाशकाकडे असतो. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे विशिष्ट दिवशी विशिष्ट वादकांनी केलेले वादन. त्याचा हक्क मुद्रण करणाऱ्या कंपनीकडे. तिसरी प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे धातूचा मूळ साचा किंवा त्यावरून काढलेली तबकडी. या तिन्हींचे धनी तीन निरनिराळे असू शकतात. ज्यांच्या फुंकरीतून आणि बोटांतून तो आवाज निर्माण झाला, ते वादक बहुधा या तिन्ही खात्यांत कोठेच नसतात. त्या काळी बहुतेकांना तबकडीच्या दर बाजूमागे ठरावीक रक्कम रोख मिळे आणि व्यवहार तेथेच संपे. पुढे लाखभर प्रती खपल्या तरी त्यांच्या पदरात अधिक काही पडत नसे.

कंपन्यांच्या मालकीची साखळी पाहू लागले, की एखाद्या जुन्या वाड्याच्या फेरफार नोंदी वाचल्यासारखे वाटते. लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या संचांची १९२५ ते १९२८ मधील ध्वनिमुद्रणे जॅझचा पाया मानली जातात. ती शिकागोत ओके कंपनीसाठी झाली. १९२६ मध्ये ओके कंपनी कोलंबियाने घेतली. पुढे अमेरिकेतील कोलंबिया रेडिओ व शीतकपाटे बनविणाऱ्या एका कंपनीच्या हाती गेली. त्या कंपनीचे दिवाळे निघाल्यावर १९३४ मध्ये अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशनने कोलंबिया विकत घेतली, आणि १९३८ मध्ये तिच्यासह सारा संसार सीबीएस या रेडिओ कंपनीने सात लाख डॉलरना घेतला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, सीबीएसचा संपूर्ण ध्वनिमुद्रण व्यवसाय जपानच्या सोनी कंपनीकडे दोनशे कोटी डॉलरना गेला. व्हिक्टर कंपनी १९२९ मध्ये आरसीएने घेतली होती; तिची ध्वनिमुद्रणे १९८६ मध्ये जर्मनीच्या बर्टेल्समान समूहाकडे आणि २००८ पर्यंत तीही सोनीकडे आली. एके काळी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेल्या दोन पेढ्यांच्या चोपड्या आज एकाच कपाटात आहेत.

ब्रन्सविक कंपनीच्या बाबतीत तर एकाच नावाची दोन शकले झाली. १९३१ च्या अखेरीपूर्वीची तिची ध्वनिमुद्रणे डेका व एमसीए यांच्यामार्फत आज युनिव्हर्सलकडे आहेत, तर त्यानंतरची कोलंबियाच्या वाटेने सोनीकडे. ड्यूक एलिंग्टन यांनी उमेदीच्या काळात अनेक कंपन्यांसाठी वादन केले. त्यामुळे त्यांच्या आरंभीच्या वर्षांचा संपूर्ण संच काढू इच्छिणाऱ्याला आज दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दारी उभे राहावे लागते.

याहून विलक्षण कथा विस्कॉन्सिन चेअर कंपनीची आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील पोर्ट वॉशिंग्टन गावी खुर्च्या बनविणारा हा कारखाना. फोनोग्राफची लाकडी कपाटे बनविता बनविता, तबकड्या असल्या तर कपाटेही अधिक खपतील, या साध्या व्यापारी हिशेबाने कंपनीने १९१७ च्या सुमारास तबकड्यांचा जोडधंदा सुरू केला आणि त्यास पॅरामाउंट हे नाव दिले. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी तिने काढलेल्या तबकड्यांत मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, किंग ऑलिव्हर, जेली रोल मॉर्टन अशी नावे आढळतात. मंदीच्या लाटेत १९३२ मध्ये मुद्रण थांबले. धातूचे बहुतेक साचे मोडीच्या भावाने गेले. कारखान्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी लोखंड-तांबे होते. वखारीतील जागा मोकळी करणे एवढाच त्यात लाभ.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोतील रसायनशास्त्रज्ञ व संग्राहक जॉन स्टायनर यांनी पॅरामाउंटचे हक्क मिळविले. हक्क हाती आले, पण साचे नव्हते. त्यांनी ते हक्क रिव्हरसाइड कंपनीला भाडेपट्ट्याने दिले. पुढे ते जॉर्ज बक यांच्याकडे आणि त्यांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानाकडे गेले. पॅरामाउंटच्या काही गीतांच्या आज एक-दोनच झिजलेल्या तबकड्या शिल्लक आहेत, आणि त्या खासगी संग्राहकांच्या घरी. म्हणजे कागद ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी आवाज नाही, आणि आवाज ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी कागद नाही. दोघे एकत्र आल्याखेरीज तिसऱ्याला काहीही ऐकावयास मिळत नाही.

यात भर पडली ती कायद्याची. अमेरिकेच्या संघीय प्रताधिकार कायद्यात गीतरचनेला संरक्षण होते, परंतु १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना ते नव्हतेच. ती राज्या-राज्यांच्या निरनिराळ्या कायद्यांवर सोपविलेली होती, आणि ही व्यवस्था २०६७ पर्यंत चालू ठेवण्याची तरतूद झाली होती. त्यामुळे १९१७ ची तबकडी दीडशे वर्षे बंधनात राहणार, असे विचित्र गणित तयार झाले. युरोपात त्या वेळी ध्वनिमुद्रणाची मुदत पन्नास वर्षांची होती. १९२० च्या दशकातील अमेरिकन जॅझ तेथे कधीच प्रताधिकारमुक्त झाले होते. इंग्लंडमधील जॉन आर. टी. डेव्हिस यांच्यासारखे जाणकार जुन्या तबकड्यांची खरखर दूर करून उत्तम संच तयार करीत, आणि अमेरिकन रसिक आपल्याच देशाचे संगीत परदेशातून मागवीत. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कॅपिटल विरुद्ध नॅक्सॉस या खटल्यात, इंग्लंडमध्ये मुदत संपली असली तरी न्यूयॉर्कमध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांना संरक्षण राहते, असा निर्णय दिला. तो खटला अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या १९३० च्या दशकातील मुद्रणांचा होता, पण त्याची सावली जॅझवरही पडली.

हक्कदार स्वतः काढत नाही आणि दुसऱ्यास काढू देत नाही, अशा वेळी चोरवाटा निर्माण होतात. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तरुणाने ‘जॉली रॉजर’ नावाने जुन्या जॅझच्या तबकड्या विनापरवाना विकण्यास आरंभ केला. जॉली रॉजर म्हणजे समुद्री चाच्यांचा ध्वज. नाव निवडतानाही त्याने काही लपविले नव्हते. ‘रेकॉर्ड चेंजर’ या मासिकाने शोध घेतला, तेव्हा निष्पन्न झाले ते असे, की या तबकड्या छापून देत होता आरसीए व्हिक्टरचाच कारखाना, आणि त्यांत व्हिक्टरची स्वतःची ध्वनिमुद्रणेही होती. छपाईचे पैसे जमा होत होते. आपलाच माल चोरून आपल्याच यंत्रावर छापला जात आहे, हे कंपनीत कोणी पडताळून पाहिले नव्हते. पुढे कोलंबिया कंपनी व लुई आर्मस्ट्राँग यांनी दावा लावला आणि तो व्यवसाय बंद पडला. हा प्रकार उजेडात आणणाऱ्या मासिकाचे चालक बिल ग्राउअर व ऑरिन कीपन्यूज यांनीच १९५३ मध्ये रिव्हरसाइड कंपनी काढली आणि पॅरामाउंटचे जुने संगीत रीतसर भाडेपट्ट्याने घेऊन प्रकाशित केले. जे काम एकाने चोरून केले, तेच दुसऱ्यांनी करारावर सही करून केले.

हा रीतसर मार्ग त्यापूर्वीही ज्ञात होता. न्यूयॉर्कचे दुकानदार मिल्ट गॅब्लर यांनी १९३० च्या दशकातच मोठ्या कंपन्यांकडून परवानगी घेऊन बंद पडलेल्या तबकड्या पुन्हा छापून घेतल्या, आणि प्रत्येक तबकडीच्या चिठ्ठीवर सर्व वादकांची नावे छापली. ज्यांना हिश्शाचा पैसा मिळाला नव्हता, त्यांना निदान नाव मिळाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मोझॅक रेकॉर्ड्सने याच पद्धतीला शिस्त लावली. ठरावीक मुदतीसाठी परवाना, मोजक्याच प्रती आणि सोबत तपशीलवार माहितीपुस्तिका. मूळ मालकाला काहीही न करता भाडे मिळते, आणि संगीत लोकांपर्यंत पोहोचते.

परंतु असे प्रयत्न अपुरे ठरले. टिम ब्रूक्स यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८९० ते १९६४ या काळातील महत्त्वाच्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांचा नमुना तपासला. त्यांपैकी केवळ १४ टक्के हक्कदारांनी उपलब्ध करून दिली होती. हक्क नसलेल्यांनी काढलेल्यांचे प्रमाण २२ टक्के होते. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे, तर माल कुलपात पडून आहे, बाजारात मागणी आहे, आणि ती मागणी मालक नव्हे तर शेजारी भागवीत आहे.

अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी संमत झालेल्या कायद्याने या गुंत्यास मुदत घातली. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली सर्व ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी प्रताधिकारमुक्त झाली. १९२३ ते १९४६ मधील मुद्रणांना प्रकाशनापासून शंभर वर्षांची मुदत मिळाली. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड गावी, एका पियानो कारखान्याच्या जेनेट या शाखेत किंग ऑलिव्हर यांच्या संचाने वादन केले. तरुण आर्मस्ट्राँग त्यात दुसरा कॉर्नेट वाजवीत होते. त्या वर्षी प्रकाशित झालेल्या तबकड्या १ जानेवारी २०२४ पासून सर्वांच्या झाल्या. आर्मस्ट्राँग यांच्या १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची पाळी २०२९ मध्ये येईल. विनामूल्य उपयोगासाठीही एक खिडकी ठेवली आहे: हक्कदार स्वतः विक्री करीत नसेल, तर आधी रीतसर सूचना नोंदवून ते मुद्रण बिगरव्यापारी कामासाठी वापरता येते.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचे संच वाजत. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचलले, आणि पुढे चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी ते हिंदी चित्रपटसंगीतात आणले. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. त्यामुळे त्या काळी येथे निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. आता अडचण परवानगीची नाही, तबकडी सापडण्याची आहे. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर किंवा चोरबाजारातील दुकानात ती असू शकते.

अमेरिकेत कागद जपले गेले आणि साचे मोडीत गेले. शंभर वर्षांनी कागदाची मुदत संपते. मोडीत गेलेला साचा मात्र कोणत्याही कायद्याने परत येत नाही. माळा आवरताना कळकटलेली तबकडी हाती लागली, तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी तिच्या चिठ्ठीवरचे नाव एकदा वाचून पाहावे.