रिकाम्या पोत्यांचं वतन

दोस्तांनो, मी गोदीत पाठ विकतो आणि रात्री कविता लिहितो. मॅट्रिकच्या पुढे शाळेनं मला नेलं नाही, पण पोत्यांनी बरंच शिकवलं. माल बोटीत जातो, पैसा पेढीत जातो आणि मागं उरतं ते बारदान. आज त्या बारदानाबद्दल बोलायचंय.

माझं गाव सांगलीकडचं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचं कूळ सरकारदरबारी नोंदलं गेलं, पेढे वाटले गेले. पण माल ज्यात बांधतात त्याचं कूळ कुणी विचारतो का? द्राक्षाची एक पेटी उघडून बघा. बाहेर पुठ्ठा, आत प्लास्टिकचं अस्तर, बुडबुड्यांचा कागद, वर बुरशी मारणारा गंधकाचा कागद. मूठभर द्राक्षांना लग्नातल्या नवऱ्याएवढे कपडे! खाणारा दहा मिनिटांत खाऊन हात पुसतो. प्लास्टिक मात्र त्याच्या नातवालाही पुरून उरतं.

साखरेची तऱ्हा त्याहून वेगळी. सातारा-सांगलीत ऊस गाळून चिपाडाचे डोंगर उरतात. ते बॉयलरमध्ये जळतं, त्याची वीज होते, मान्य. पण त्याच चिपाडाच्या लगद्यापासून कागद, पुठ्ठा, ताटल्याही होतात. आणि साखर बाहेर पडते कशातून? खनिज तेलापासून बनलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून. तागाच्या सक्तीचा कायदा 1987 चा. साखरेपुरती ती सक्ती घसरत घसरत 20 टक्क्यांवर आली, आणि तेवढी पाळायलाही कारखानदार खळखळ करतात. म्हणे ताग महाग पडतो.

महाग कुणाला रे? प्लास्टिकचं पोतं स्वस्त, कारण त्याची उरलेली किंमत दुसराच कुणीतरी भरतो. उन्हात त्याचे धागे कुजत नाहीत, नुसते तुटतात, भुगा होऊन शेतात आणि कृष्णेत जातात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर चढलं. ओसरल्यावर बाभळीच्या काट्यांना काय लटकलं होतं? पोती अन् पिशव्या. नदीनं आपला माल आपल्याला परत केला.

आणि तो गोळा कुणी केला? आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींनी. इथंच माझं डोकं फिरतं. गावातलं मेलेलं ढोर ओढणं आपल्या बापजाद्यांच्या माथी होतं. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये कौन्सिलात बिल मांडलं. 1958 च्या कायद्यानं ती वतनं गेली. पण बाजाराचं मेलेलं प्लास्टिक ओढायचं नवं वतन आपल्या बायांच्या पदरात कुणी टाकलं? त्याचा कुठं कागद नाही, सही नाही. म्हणूनच ते मोडायला जास्त अवघड.

2022 मध्ये दिल्लीनं नियम केला : जो प्लास्टिकात माल बांधतो, त्यानंच ते परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यायची. ऐकायला गोड. वर्षभरात, 2023 मध्ये, खोटी प्रमाणपत्रं लाखोंनी सापडली, त्यात महाराष्ट्रातलीही. कागदावर प्लास्टिक गोळा झालं. उकिरड्यावर वाकलेली बाई होती तिथंच राहिली.

आता माझ्या पाठीचं ऐका. तागाच्या पोत्याला आकडा लागतो, ते अंगाला धरून बसतं. प्लास्टिकचं निसटतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका जोडीदाराच्या पायावर थप्पी घसरली. मुकादम म्हणाला, "बघून काम करायला काय होतं तुला?" पोतं निसरडं का, हे त्यानं विचारलं नाही. तागाचा धुरळाही छातीत जातो, हे मी लपवत नाही. पण धुरळ्याला मुस्कं बांधता येतं. तुटलेल्या पायाला काय बांधणार?

शहाणी माणसं 'हिरवं पॅकिंग' म्हणत चर्चा करतात. करा. पण त्या चर्चेत हमाल आणि कचरा वेचणारी बाई नसेल, तर तो हिरवा रंग नुसता वरून फासलेला. 1969 चा माथाडी कायदा आभाळातून पडला नाही. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी पाठी एकत्र केल्या, तेव्हा तो झाला. क्विंटलचं पोतं पन्नास किलोवर आलं ते हमालांच्या तोंडून मागणी निघाली म्हणून, कुणाच्या दयेनं नव्हे.

म्हणून आपण मागायचं. साखर सगळी तागात भरा. भाजीच्या क्रेटसारखी पोतीही अनामत घेऊन परत फिरवा. चिपाडाचा पुठ्ठा इथंच करा, त्यात इथल्याच पोरांना काम द्या. गोळा करण्याचा पैसा कंपनीच्या प्रमाणपत्रात जिरवू नका, वेचणाऱ्या बाईच्या हातात द्या, तिला ओळखपत्र द्या, हातमोजे द्या, किलोला ठरलेला भाव द्या. आणि कुठलंही नवं पोतं बाजारात आणण्याआधी ते एकदा हमालाच्या पाठीवर ठेवून बघा.

पोरांनो, येत्या रविवारी आपापल्या मार्केट यार्डाच्या मागच्या भिंतीकडे जा. तिथं जे जळतंय त्याचा वास घ्या. ते वेचणारीला नाव विचारा, आडनाव विचारा. मग सांगा, वतन खरंच गेलंय का?