ग्रुपवर कोण गप्प आहे?

नॉर्वेची राजधानी ऑस्लो, नोव्हेंबर २०१४. रॉबर्ट आणि ट्रूडे स्टीन यांचा २५ वर्षांचा मुलगा मॅट्स नुकताच गेला होता. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा आजार त्याला जन्मापासूनच होता. लहानपणीच तो चाकाच्या खुर्चीवर आला. शेवटच्या वर्षांत बोटांची थोडीफार हालचाल तेवढी उरली होती आणि त्या बोटांनी तो दिवसचे दिवस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा कॉम्प्युटर गेम खेळत असे. आईवडिलांना त्याच्या मरणाइतकंच दुःख आणखी एका गोष्टीचं होतं. मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच आपल्या पोराच्या वाट्याला आलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

मॅट्स एक ब्लॉग लिहीत असे आणि त्याचा पासवर्ड वडिलांकडे होता. जे कुणी वाचत असतील त्यांना कळावं म्हणून वडिलांनी तिथे निधनाची बातमी लिहिली आणि खाली स्वतःचा ईमेल पत्ता दिला. त्यानंतर पत्रं येऊ लागली आणि येतच राहिली. लिहिणारे वेगवेगळ्या देशांतले होते. स्टीन कुटुंबाने त्यांच्यातल्या कुणाचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण ते सगळे मॅट्सला ओळखत होते. गेममध्ये त्याचं नाव होतं इबेलिन. ‘स्टारलाइट’ नावाच्या गटात तो कित्येक वर्षं होता आणि त्या गटातल्या माणसांना सल्ला देत होता, त्यांचं रडणं ऐकून घेत होता, मध्येच त्यांच्याशी भांडतही होता.

त्या पत्रांमधले दोन प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. नेदरलँड्समधल्या एका शाळकरी मुलीचा कॉम्प्युटर तिच्या आईवडिलांनी काढून घेतला होता. गेमपायी पोरीचं अभ्यासातलं लक्ष उडालं, ही त्यांची तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही घरात ऐकू येईल अशीच. मॅट्सने त्या आईवडिलांना रीतसर पत्र लिहिलं आणि तिची मित्रमंडळी याच गेममध्ये आहेत, ती तोडू नका, असं समजावून सांगितलं. दुसरा प्रसंग डेन्मार्कमधल्या एका आईचा. तिचा मुलगा स्वमग्न होता, त्याला कुणी मिठी मारलेली सहन होत नसे. मायलेक दोघंही तो गेम खेळत. मॅट्सने तिला सुचवलं की खऱ्या घरात जमत नसेल तर गेममध्ये मुलाला मिठी मारून बघा. तिने तसं केलं आणि पडद्यावरच्या त्या मिठीपासून मायलेकांमधला अवघडलेपणा कमी होत गेला.

मॅट्सच्या अंत्यसंस्काराला वेगवेगळ्या देशांतून ‘स्टारलाइट’चे काही जण आले. त्यांनी त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं. पुढे बेंजामिन री या नॉर्वेजियन दिग्दर्शकाने गटाच्या जपून ठेवलेल्या हजारो पानांच्या संभाषणांतून ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट केला. २०२४ मध्ये तो जगभर पाहिला गेला.

या गोष्टीत मॅट्सला संत करून टाकण्याचा मोह टाळायला हवा. त्याने बराच काळ आपला आजार मित्रांपासून लपवला. काही जणांना दुखावलंही. ब्लॉगवर त्याने आपल्या शरीराबद्दल उघडपणे लिहिलं ते अगदी अखेरच्या दीड-दोन वर्षांत. तरीही नाती टिकली, कारण तोवर त्याने दुसऱ्यांना भरपूर वेळ दिलेला होता आणि कोणाच्या घरात काय चाललंय हे त्याच्या लक्षात असायचं. समोरच्याने दोन दिवस तोंड दाखवलं नाही, तर चौकशी करणारा तो माणूस होता. सोशल मीडियावर खरं नातं जुळतं का, या प्रश्नाचं उत्तर याच चौकशीपाशी आहे.

मराठी माणसाला तर हे नवीनही नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यानंतर साधारण वर्षभराने, १९९६ च्या गणेश चतुर्थीला, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं. परदेशात एकेकटी पडलेली मराठी घरं तिथे पुरणपोळीच्या कणकेपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं एकमेकांना विचारू लागली. भेटीगाठी ठरू लागल्या, त्यांचं नाव ‘गटग’. पावसाळ्यातल्या सहलीचं नाव ‘ववि’, म्हणजे वर्षाविहार. ज्याच्याशी चार वर्षं कवितेवरून वाद घातला तो माणूस पहिल्यांदा समोर उभा राहिला की हाक त्याच्या आयडीनेच मारली जायची. आडनाव, पगार, पद यांची चौकशी मागाहून व्हायची आणि कधी कधी व्हायचीच नाही. माणसं आधी एकमेकांच्या मतांना, आवडीनिवडींना आणि चिडण्याच्या तऱ्हांना ओळखायची. जात, गाव, कंपनी विचारून सुरू होणाऱ्या ओळखींपेक्षा ही सुरुवात केव्हाही निकोप.

पुढे २००४ मध्ये ऑर्कुट आलं. आज चाळिशीत असलेल्या पिढीला त्यातलं ‘टेस्टिमोनियल’ नक्की आठवत असेल. मित्राबद्दल चार ओळी लिहायच्या, त्याच्या पानावर त्या सगळ्यांना दिसायच्या. त्या लिहायला बसलं की मित्राचा विचार करावाच लागे. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने ‘लाइक’चं बटण आणलं आणि दखल घ्यायला एक बोट पुरेसं झालं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. तोवर ‘लाइक’ची सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. एवढीशी ती सोय, पण तिने दखल घेण्यातली मेहनत काढून घेतली आणि मेहनतीबरोबर त्यातला ओलावाही कमी केला.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये या मेहनतीचा हिशेब तासांत मांडला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात. मित्र म्हणावा इतकं जुळायला ९० च्या आसपास आणि जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून जास्त. हे तास प्रत्यक्ष सहवासाचे होते. त्यातही केवळ कामापुरते शेजारी बसलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, गप्पा, थट्टामस्करी, विनाकारण केलेली विचारपूस यांचे तास खरे कामाला येतात, असं त्यांना आढळलं.

ओळखीची मैत्री कशी होते ते पाहायचं असेल तर द्राक्षवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप पाहावेत. निफाड-दिंडोरी असो की तासगाव, फळछाटणी उरकली की या ग्रुपना जाग येते. रात्री दहाच्या सुमारास एक फोटो येतो. पानावर पिवळट तेलकट डाग, पान उलटवलेल्या दुसऱ्या फोटोत मागच्या बाजूला पांढरी बुरशी. खाली या बुरशीच्या रोगाचं नाव घेऊन एवढंच लिहिलेलं असतं, ‘डाऊनी आहे का?’ जाणता शेतकरी लगेच औषधाचं नाव फेकत नाही. तो आधी विचारतो, ‘प्लॉट किती दिवसांचा आहे? पाऊस किती झाला? शेवटचा स्प्रे कुठला?’ सकाळी फोन होतो, सवड असेल तर मोटरसायकल काढून तो बागेत येऊनही जातो. वेलीखाली उभ्या उभ्या चहा होतो.

इथपर्यंत सगळं कामाचं. पण मोसम संपल्यावरही फोन चालू राहतो आणि बोलणं पानावरून घरावर येतं. कुणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, कुणाच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सोसायटीचं कर्ज कुठवर आलं. वादळात एखाद्याचा मंडप कोसळला तर मदतीला येणाऱ्यांत हा फोटोतून जोडला गेलेला माणूसही असतो. एकाच पिकाची एकच चिंता दोघांना असणं, ही ओळखीला मिळालेली मोठी सवलत. आपण कोण आहोत हे सिद्ध करत बसावं लागत नाही. आपलं पान रोगट आहे हे चारचौघांत दाखवायचा धीर तेवढा लागतो आणि विश्वास त्या धीरापासूनच बसत जातो. एरवी सोशल मीडियावर सगळ्यांच्या बागा कायम हिरव्यागार दिसतात. तिथे दुसऱ्याने विचारावं तरी काय?

संख्येचा मोह मात्र सोडावा लागतो. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं म्हणणं असं की माणसाला अर्थपूर्ण असे सुमारे १५० संबंध सांभाळता येतात आणि त्यातही अगदी आतल्या वर्तुळात पाचएक जणच मावतात. २०१६ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या लोकांच्या फेसबुक-मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. यादी कितीही लांब असो, मोठ्या संकटात ज्याच्याकडे धाव घ्यावी अशी माणसं विचारली तर सरासरी आकडा चारच्या आसपास येऊन थांबला. फेसबुक ५,००० मित्र जोडू देतं, व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये आता १,०२४ जण मावतात, पण माणसाची कुवत त्या प्रमाणात वाढलेली नाही. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही. उलट पाच हजारांना खूश ठेवायचं ओझं डोक्यावरून उतरतं.

आता तर या मंचांनीच आपलं मूळ काम बाजूला ठेवलं आहे. अमेरिकी सरकारने फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला, त्यात २०२५ मध्ये कंपनीनेच आकडे पुढे केले. फेसबुकवर लोक घालवतात त्या वेळातला फक्त १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेला मजकूर पाहण्यात जातो आणि इन्स्टाग्रामवर अवघा ७ टक्के. उरलेल्यातला बराचसा वेळ व्हिडिओ पाहण्यात, आणि तेही वाढत्या प्रमाणात अनोळखी लोकांचे. मैत्रीण बाळंत झाल्याची बातमी दिसण्याआधी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचे दहा रील डोळ्यांसमोरून सरकतात, हा योगायोग नव्हे. ॲपने माणूस समोर आणून द्यावा म्हणून वाट पाहण्यात आता अर्थ नाही. त्याला शोधून, त्याचं नाव टाइप करून, आपणच त्याच्या दारात जायला हवं.

अशा वेळी एक सावधगिरीही हवी. ओळख नसताना अचानक आलेली जवळीक, दिवसातून दहादा ‘जेवलात का?’ असं विचारणारा प्रेमळ आवाज आणि मग काही आठवड्यांनी अडचणीचं किंवा गुंतवणुकीचं निमित्त करून पैशांची मागणी, या सापळ्यात शिकलीसवरलेली माणसं अडकतात. एकटं असणं हा काही गुन्हा नाही. फसवणाऱ्याला मात्र ते एकटेपण बरोबर हेरता येतं. समोरचा भेटायला, किमान व्हिडिओवर बोलायला सतत टाळाटाळ करत असेल आणि पैशांचा विषय काढत असेल, तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच तर शरमेने गप्प न बसता सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त नाती आज कुठे अडकून पडली असतील तर ती दहावीच्या बॅचच्या ग्रुपमध्ये. २५-३० वर्षांनी एकमेकांचे नंबर शोधून काढलेले, हौसेने स्नेहमेळावा केलेला, शाळेला प्रोजेक्टर किंवा पाण्याची टाकी दिलेली, गुरुजींच्या पाया पडून फोटो काढलेले. सहा महिन्यांत तो उत्साह ओसरतो. मग सकाळी फुलांची चित्रं, दुपारी फॉरवर्ड, रात्री राजकारणावरून हमरीतुमरी आणि कुणीतरी रागाने ‘लेफ्ट’. कुणाचे वडील गेले की ८० जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चिकटवतात. त्यातले दोघं-तिघं घरी जाऊन येतात. गाव दूर असेल तर निदान फोन करून दहा मिनिटं नुसतं ऐकून घेतात. ग्रुपमधल्या कुणाला हॉस्पिटलच्या बिलासाठी वर्गणी काढायची झाली की पुढाकार घेणारे बहुतेक तेच असतात.

याच ग्रुपवर एखादा हळूहळू दिसेनासा होतो. एके काळी प्रत्येक वादात हिरिरीने उतरणारा, आता मेसेज वाचल्याची निळी खूणही त्याच्याकडून उमटत नाही. त्याला ग्रुपवर ‘कुठे गायब?’ विचारू नये. नोकरी गेली, बायकोचे रिपोर्ट चांगले आले नाहीत, मुलगा बोलत नाही, हे शंभर जणांसमोर कुणी सांगत नसतं. त्याला वेगळा मेसेज करावा आणि उत्तर आलं नाही तर फोन लावावा. ‘सहज केला’ एवढं कारण पुरतं. पहिला फोन दोन मिनिटांत संपला तरी मनाला लावून घेऊ नये, पंधरा दिवसांनी दुसरा करावा. त्या फोनवर तो महागाईवरून किंवा निवडणुकीवरून तावातावाने बोलू लागला तर बोलू द्यावं, घरचा विषय त्याला हवा तेव्हा तोच काढेल.