घोरपडीखालची माती

पावसाळ्यात घोरपड वस्तीच्या कडेला दिसू लागते. यंदा आमच्या अशोका गार्डनातील एका विद्यार्थ्याने तिचे पिलू खोक्यात ठेवले आणि त्याखाली काय अंथरावे, अशी पृच्छा केली : वाळू, लाकडाचा भुसा की जुने वर्तमानपत्र?

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक, परंतु त्याचे उत्तर या प्राण्याच्या अवघ्या जीवनक्रमात दडलेले आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडावरील पराक्रमाशी (१६७०) जोडलेल्या दंतकथेमुळे घोरपडीची नखे आपल्याला केवळ चढण्याची वाटतात. वस्तुतः ती तितकीच खणण्याची आहेत. बिळात ती उन्हाची काहिली टाळते, थंडीत निपचित पडून राहते. मादी पुष्कळदा वारूळ उकरून त्यात वीस-तीस अंडी घालते व वरून माती लोटते. पुढची डागडुजी वाळवीच करते! ती अंडी फुटण्यास कित्येक महिने लागतात, आणि तेवढा काळ आतील ऊब व ओलावा टिकून राहतो.

पाश्चात्त्य देशांत आफ्रिकेतील घोरपडी पाळतात. तेथील जाणते पाळक माती व वाळू यांचे दमट मिश्रण दोन-दोन फूट खोल भरतात, कारण बीळ न ढासळता टिकले पाहिजे. कोरड्या भुशावर ठेवलेला प्राणी हळूहळू आतून सुकत जातो.

आपल्याकडे मात्र हा विचार पाळण्यासाठी करावयाचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला धरणे वा घरी ठेवणे हा कारावासाचा गुन्हा आहे, आणि हौस मुलाची असली तरी चौकशीला सामोरे जावे लागते ते वडीलधाऱ्यांना. आपले हिंदीभाषक शेजारी तिला ‘गोहेरा’ म्हणतात आणि ती चावली तर माणूस पाणीही मागत नाही, असे मानून काठी उगारतात. माणसाचा जीव घेईल असे विष तिच्यापाशी नाही. याहून क्रूर व्यवहार ‘हत्थाजोडी’चा. भाग्यदायी वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी ही वस्तू घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ साली उघडकीस आले. सुशिक्षित घरांच्या तिजोरीतही ती सापडावी, याचा खेद वाटतो.

पिलू हाती आलेच असेल तर खोक्याला भोके पाडावीत, तळाशी किंचित ओलसर माती घालावी, खोके सावलीत ठेवावे आणि त्याच दिवशी वनविभागास कळवावे. भुसा घालू नये, तो पिलाच्या तोंडात जातो.