घरी बसणं म्हणजे निषेध?

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, आणि आमच्या नातेवाइकांत एक वाद सुरू झाला. माझा एक भाचा आहे. चांगला शिकलेला, चांगल्या नोकरीत असलेला, चार पुस्तकं वाचणारा मुलगा. तो मतदानाला गेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "मावशी, मी विसरलो नाही की कंटाळलो नाही. मी मुद्दाम गेलो नाही. हा माझा निषेध आहे."

कंटाळा आला म्हणाला असता तर दोन शब्द सुनावून मी गप्प बसले असते. पण 'निषेध' हा शब्द मला खटकला. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द भलत्या ठिकाणी वापरला की राहवत नाही. आणि हे म्हणणारा तो एकटा नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींतही असे दोघेतिघे आहेत. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावंच.

आधी त्याची बाजू सांगते, कारण त्याचा राग खोटा नाही. तो म्हणतो, २०१९ मध्ये आम्ही एका चिन्हाचं बटण दाबलं. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. आमचं मत कुणाच्या खात्यात गेलं ते आम्हालाच कळेना. मग पुन्हा रांगेत उभं राहून या सगळ्याला मान्यता का द्यायची? मत न देणं म्हणजे ती मान्यता काढून घेणं.

ऐकायला छान वाटतं. पण माझा साधा प्रश्न असा, की ही काढून घेतलेली मान्यता कुणाला दिसते?

आम्हा शिक्षकांना निवडणुकीचं काम चुकलेलं नाही. मीही बऱ्याच निवडणुकांत केंद्रावर बसले आहे. आदल्या दिवशी सामान ताब्यात घ्यायचं, पहाटे उठून सगळं मांडायचं, दिवसभर शाई लावायची आणि शेवटी हिशेब जुळवायचा. त्या हिशेबासाठी सतरा-सी नावाचा एक नमुना असतो. केंद्रावर नोंदलेले मतदार किती, सही करून मत दिलेले किती, यंत्रात पडलेली मतं किती, हे सगळं त्यात लिहावं लागतं. सही करूनही मत द्यायला नकार देणारा एखादा असेल तर त्याच्यासाठीसुद्धा रकाना आहे. जे आलेच नाहीत ते का आले नाहीत, हे लिहायला मात्र त्यात कुठेही जागा नाही.

वर्गातल्या हजेरीपटासारखंच हे आहे. एखाद्या मुलाच्या नावापुढे आपण 'गैरहजर' लिहितो. तो तापाने झोपलाय, मामाच्या गावी गेलाय, की बाईंवर रागावून घरी बसलाय, हे त्या शब्दावरून कळत नाही. मतदार यादीचंही तसंच. न आलेल्यांत आजारी माणसं असतात, घर बदलून गेलेली असतात, यादीतून नाव न निघालेली मयत माणसं असतात आणि लोणावळ्याला गेलेलीही असतात. त्या गर्दीत माझ्या भाच्याचा निषेध शोधायचा कसा? तो आणि लोणावळ्याला गेलेला माणूस, दोघांची नोंद अगदी सारखी.

आता आपल्या उपनगरातलंच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक झाली. भाजपने उमेदवार मागे घेतला, त्यामुळे निकाल आधीच ठरल्यासारखा होता. मतदान झालं ३१.७४ टक्के. म्हणजे दर तिघांतले दोघे घरी बसले. ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून निवडून आल्या. पण दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, आठवतंय? 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. त्या बटणावर १२,८०६ मतं पडली होती. त्या १२,८०६ जणांची बातमी झाली, त्यावर पक्षांची भांडणं झाली, आजही तो आकडा नोंदीत आहे. घरी बसलेल्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. त्यांच्यात नाराज माणसं या १२,८०६ पेक्षा जास्तही असतील. पण कुणी ठामपणे सांगू शकेल का? त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं गेलं, 'मतदारांत निरुत्साह'. म्हणजे तुमच्या रागाला लोकांनी आळस हे नाव दिलं!

कोणी म्हणेल, इतकं कमी मतदान झालं तर निवडून आलेल्याला लाज वाटेल. वाटत नाही हो! आपल्या कायद्यात किमान मतदानाची अटच नाही. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला. तीस टक्क्यांत निवडून आलेला आणि सत्तर टक्क्यांत निवडून आलेला, दोघांची शपथ एकच, अधिकार तेच, निधीही तोच.

आमच्या ईशान्य मुंबई मतदारसंघाचा २००९ चा निकाल बघा. २६/११ ला जेमतेम पाच महिने झाले होते. गावभर मेणबत्त्या लागल्या होत्या, राजकारण्यांवर सगळे संतापलेले होते. मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार, रविवार. मतदान झालं बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. संजय दिना पाटील यांनी किरीट सोमय्यांना २,९३३ मतांनी हरवलं, आणि मनसेचे शिशिर शिंदेही दोन लाखांच्या जवळ पोहोचले होते. आठ लाखांहून जास्त लोक घरी होते. ते आले असते तर निकाल फिरला असता, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणते की त्या संतापलेल्या आठ लाखांचं म्हणणं काय होतं, हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. आणि "माझ्या एका मताने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी २०२४ ची वायव्य मुंबई आहेच. तिथे रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ४८! आमच्या शाळेच्या एका वर्गात याहून जास्त मुलं असायची.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर मुंबईकरांनी तो स्वतःच अनुभवला आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. पाच वर्षांनी होणारं मतदान एकाही मुंबईकराने केलं नाही, कारण ते झालंच नाही. शंभर टक्के बहिष्कार म्हणा हवं तर! मग काय थांबलं? अंदाजपत्रकं मंजूर होत राहिली. २०२५-२६ चं तर ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं, आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता. कारभार आपल्या मतावाचून अडत नाही. अडतो आपण. गटार तुंबलं तर कुणाचं दार ठोठवायचं, ते त्या चार वर्षांत आमच्या गल्लीतल्या कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या बाजूकडेही बघायला हवं. बहिष्कार हे हत्यार खोटं आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या लोकसभेला मेळघाटातल्या रंगुबेली, धोकडा, कुंड, खामदा अशा गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला. रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही, तर मतही नाही. हा निषेध मी मान्य करते. का? एक, तो आधी जाहीर केलेला होता. दोन, मागणी स्पष्ट होती. तीन, सगळं गाव एकत्र होतं. अशा गावाच्या केंद्रावर यंत्र रिकामं राहिलं की त्याचा अर्थ तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना कळतो. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीतल्या सातव्या मजल्यावरचा माणूस कुणालाही न सांगता दार लावून मॅच बघतो, त्याने स्वतःची तुलना त्या गावकऱ्यांशी करू नये.

आणि खऱ्या बहिष्कारालाही मर्यादा असते, हे इतिहासात दिसतं. १९२० साली काँग्रेसने कौन्सिलांच्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. त्याच्याबरोबर लोक वकिली सोडत होते, सरकारी शाळा सोडत होते, पदव्या परत करत होते. त्याची किंमत मोजत होते. तरीही खुर्च्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत. मुंबई इलाख्यात रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. तीन वर्षांच्या आत चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला आणि निवडणुका लढवल्या. आपले न. चिं. केळकरही मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. इतक्या मोठ्या चळवळीतल्या लोकांना वाटलं की बाहेर राहून भागत नाही, तर आपण कोण?

शेजारी बांगलादेशातही तेच झालं. जानेवारी २०१४ मध्ये मुख्य विरोधी पक्षाने निवडणुकीवर बहिष्कार टाकला. ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या आणि सरकारने आपली पाच वर्षं आरामात पूर्ण केली.

याउलट १९७७ आठवा. माझं लोकसभेचं पहिलं मत त्या वर्षीचं. तेव्हा मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळायचा. निराश व्हायला तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती. पुढारी नुकतेच तुरुंगातून सुटलेले, वर्तमानपत्रांची तोंडं बांधलेली, निवडणूक खरी होईल की नाही याचीच शंका. "हे सगळं नाटक आहे, मी भाग घेणार नाही" असं म्हणणं किती सोपं होतं! लोक रांगेत उभे राहिले. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई हरल्या. त्यांना राग कळला, कारण तो मोजला गेला.

सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी तर अलीकडचंच. २०२४ च्या विधानसभा निकालावर तिथल्या लोकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी डिसेंबरमध्ये स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्यांची शंका बरोबर की चूक, हा वेगळा विषय. पण यंत्रणेवर विश्वास उडाला तेव्हा त्यांना मत न देणं सुचलं नाही, पुन्हा मत देणं सुचलं. गावाचं नाव राज्यभर झालं.

"पण मावशी, नोटाने तरी काय होतं?" हा भाच्याचा शेवटचा बाण. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, पलूस-कडेगावमध्येही होता. काय झालं? पहिला आला तो आमदार झाला. हे मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हे बटण द्यायला लावलं, पण विधानसभा-लोकसभेला त्याला दात नाहीत. मात्र आपल्याच राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला, की नोटाला सगळ्यांत जास्त मतं मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची. हा आदेश कशामुळे निघाला? लोक ते बटण दाबत होते म्हणून. घरी बसलेल्यांसाठी आजवर कुठल्या आयोगाने आदेश काढलेला माझ्या ऐकिवात नाही.

परीक्षेत कोरा पेपर देणारा मुलगा मी पाहिला आहे. तो कोरा पेपर मला तपासावा लागायचा, त्यावर शून्य लिहावं लागायचं, त्याबद्दल मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागायचं. परीक्षेलाच न आलेल्या मुलाचं मात्र कुणी काही विचारत नसे.

राहता राहिला मान्यतेचा मुद्दा. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांच्या हजारो घरांचा प्रकल्प येणार म्हणून इथले लोक रस्त्यावर उतरले. २०२४ च्या लोकसभेला दोन्ही मोठ्या उमेदवारांना त्या प्रश्नावर बोलावं लागलं. प्रश्न पुरता सुटला असं मी म्हणत नाही, पण बोलावं तर लागलं! केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांच्या हातात यादी असते. कुठल्या इमारतीतून किती माणसं आली, हे ते टिपत असतात. ज्या इमारतीतून कुणीच येत नाही, तिथे पुढच्या वेळी मतं मागायलाही कोणी फिरकत नाही. त्यांच्या हिशेबातून तुम्ही वजा झालेले असता, आणि तो हिशेब तुम्ही स्वतःच त्यांना सोपा करून दिलेला असतो.

पुढची लोकसभा आणि विधानसभा २०२९ ला आहे. बहिष्कार टाकायचाच असेल तर आत्तापासून लागा. सोसायट्या गोळा करा, मागणी लिहून काढा, चारचौघांत जाहीर करा आणि सगळे मिळून टाका. मी म्हातारी तुमच्याबरोबर फलक घेऊन उभी राहीन. ते जमणार नसेल तर केंद्रावर जा, बोटाला शाई लावून घ्या आणि शेवटचं बटण दाबा. पण सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचं आणि त्याला निषेध म्हणायचं, हे चालणार नाही. आमच्या मराठीत त्याला वेगळा शब्द आहे. तो तुम्हाला ठाऊक आहे, मी कशाला लिहू?

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा. गप्प तेवढे बसू नका.