भूल रुग्णाला की राज्यकर्त्यांना?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की सर्जनचे नाव गावभर होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा प्रत्येक श्वास राखणारा भूलतज्ज्ञ मात्र कुणाच्या ध्यानीमनीही राहत नाही. लोकांचा हा विसर एक वेळ क्षम्य मानू. परंतु आरोग्यखाते, वैद्यकीय महाविद्यालये आणि दानशूर धनिक यांनीही तोच कित्ता गिरवावा, हे क्षम्य नाही. भूलशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टराला या देशात सवड नाही, गुरू नाही आणि द्रव्यही नाही, असा आमचा सरळ आरोप आहे.

‘भूल देण्यात संशोधन ते काय करायचे?’ असे विचारणाऱ्या शहाण्यांनी हैदराबादचा इतिहास वाचावा. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी तेथे १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी यांनी पुढाकार घेतला आणि निजामाने खजिना उघडला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने आपला प्रतिनिधी पाठवावा म्हणून त्याने एक हजार पौंड दिले व लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले. लॉरींच्या हाताखाली तयार झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत गणल्या जातात. हृदयाला धोका नाही हा आयोगाचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून, क्लोरोफॉर्मची मात्रा अपुरी असतानाच हृदय अकस्मात थांबू शकते, हे दाखविले. म्हणजे संशोधनाची चूक दुरुस्त झाली तीही संशोधनानेच! एका संस्थानिकाला जे उमगले, ते लोकशाही सरकारांना का उमगू नये?

परदेशांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत १९८६ साली भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या शास्त्रातील शिक्षण-संशोधनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभारले. ब्रिटनमध्ये २००८ साली तेथील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन अशीच राष्ट्रीय संस्था काढली. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था नवोदित संशोधक डॉक्टरांना ज्या वृत्ती देते, त्यांतील काहींची अट अशी, की त्या डॉक्टराचा किमान पाऊणशे टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवला पाहिजे. खरे मर्म या अटीतच आहे. नुसता पैसा देऊन संशोधक घडत नाही. त्याला सवड द्यावी लागते आणि पाठीशी जाणता मार्गदर्शक उभा करावा लागतो.

आमच्याकडचे चित्र काय? एम.डी.च्या तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दिवसा शस्त्रक्रियागृह, रात्री तातडीची बोलावणी, आणि उरल्या घटकेत ‘संशोधन’! असा प्रबंध परीक्षेपुरता जन्मतो आणि ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तरुण डॉक्टरांसाठी योजना आहेत. २००८ पासून वेलकम ट्रस्ट व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या संयुक्त वृत्तीही आहेत. दारे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण जिल्ह्याच्या गावी अहोरात्र राबणाऱ्या डॉक्टराच्या जागी बदली माणूसच मिळत नसेल, तर त्या दारापर्यंत त्याने पोचावे कसे? २०२०-२१ साली देशाने संशोधनावर सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला. त्या मूठभर दाण्यांत भूलशास्त्राच्या वाट्याला किती यावे, याची कल्पनाच केलेली बरी.

‘गरीब देशाला ही चैन कशाला?’ हा युक्तिवाद तर धडधडीत खोटा आहे. तज्ज्ञ अपुरे म्हणून शासनानेच एम.बी.बी.एस. डॉक्टरांना प्रारंभी अवघ्या अठरा आठवड्यांचे शिक्षण देऊन अडलेल्या बाळंतिणींना भूल देण्यास सज्ज केले. त्यांच्या हाती कोणती पद्धत सर्वांत निर्धोक? रक्तक्षयाने खंगलेल्या मातेला मात्रा किती द्यावी? या प्रश्नांची उत्तरे बोस्टनहून येणार नाहीत.

आणि ती येथे शोधता येतात, याचे प्रमाण आमच्या अंगणातच आहे. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर झालेला मिसोप्रोस्टॉल गोळ्यांचा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि त्या गोळ्या दिल्या होत्या गावच्या नर्सबाईंनी! बुद्धी, श्रम आणि रुग्ण येथले. पैसा मात्र अमेरिकेचा. याची लाज कुणाला वाटायची? महाडसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर केलेले संशोधन २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. परंतु एका व्रतस्थाच्या तपश्चर्येवर सबंध शास्त्राचा गाडा हाकता येत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान एका तरुण भूलतज्ज्ञाचा निम्मा आठवडा संशोधनासाठी मोकळा करा, त्याच्या जागी बदली डॉक्टर नेमा, आणि छोट्या अनुदानाचा निर्णय वर्षभर न रखडविता ठराविक मुदतीत द्या. धनिकांनाही आमचे सांगणे आहे: रुग्णालयाच्या भिंतीवर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावण्याऐवजी त्याच नावाने एक संशोधनवृत्ती ठेवा.

आणि वाचकहो, उद्या आपल्यापैकी कुणीही त्या टेबलावर निजेल. तेव्हा आपला श्वास ज्याच्या हाती असेल, त्याचे ज्ञान उसने आणि शिळे असावे काय? रुग्णाला दिलेली भूल तासाभरात उतरते. राज्यकर्त्यांना चढलेली भूल उतरविण्याचे काम मात्र लोकांनाच करावे लागेल.