खिळ्यांचा डबा आवरताना

तुमच्याही घरी तो डबा असेलच! खिळे, स्क्रू, नट, वॉशर सगळे एकत्र. नळ गळायला लागला की नेमका हवा तो वॉशर सापडत नाही. या रविवारी डबा वर्तमानपत्रावर रिकामा करा. गंजलेले काढून टाका. बाकीचे जुन्या मसाल्याच्या डब्यात वाटीवार लावा. नट बोल्टवरच फिरवून ठेवा, म्हणजे जोडी सुटणार नाही.

ढिगात खेळण्याचा किंवा रिमोटचा बटण सेल सापडला, तर तो मात्र परत डब्यात टाकू नका. लहान मुलाने गिळला तर २ तासांतच अन्ननलिका भाजू शकते. सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.