गाडी उभी केली, आता पुढं?



परभणीहून जिंतूरला जाताना बोरी लागते. गेल्या शिमग्याच्या सुमाराला तिथल्या स्टँडवर चहा घेत उभा होतो, तर एक जुने ओळखीचे गृहस्थ दिसले. नाव सांगत नाही, आपण त्यांना अण्णाच म्हणू. वय साठीला टेकलेलं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. मी विचारलं, "अण्णा, गाडी कुठं लावली?" तर म्हणाले, "साहेब, गाडी सोडली. आता शेती करणार."

मला जरा हसू आलं. अण्णांचं पाच एकर रान मी दर साल बघतो. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, कधी पडीक म्हणून राहिलं नाही. मग एवढी वर्षं ते कोण करत होतं? पण ते पुढं सांगतो. आधी अण्णांची गाडी.

आपल्या भागातल्या कापसाच्या गाठी पार कोइमतूरच्या गिरण्यांपर्यंत जातात, हे तुम्हाला माहीत असेल. एक गाठ १७० किलोची. ती जाते कशी, ओढतं कोण, याचा विचार आपण करत नाही. आपला कापूस जिनिंगवर पडला की आपला संबंध संपला. तिथून पुढं अण्णांचा सुरू व्हायचा. वर ताडपत्री, खिशात बिल्टी, शेजारी क्लीनर, आणि घरी कधी येणार ते देवाला ठाऊक. ड्रायव्हरानं दिवसाला किती तास गाडी हाकावी याचा कायदा होता बरं का, १९६१ सालचा. आठ तास, लांबच्या रस्त्याला फार तर दहा. अण्णांना मी हे सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला. "साहेब, आठ तास तर नुसता माल भरायला जायचे."

मग सोडली का? एक तर डोळे. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे अंगावर आले की रस्ताच दिसेना. ट्रकच्या लायसनाची मुदत पूर्वी तीन वर्षांची असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली. पण चाळिशी उलटलेल्या माणसाला नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. अण्णा दाखल्याला गेले, तिथं साखर निघाली. मालक म्हणाला, "राहू द्या आता." जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघाताच्या नव्या कलमावरून देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, तेव्हापासून घरच्यांच्याही मनात धास्ती होतीच.

हातात काय आलं? मालकाच्या दोनच गाड्या. वीस माणसं कामाला असतील तिथं प्रॉव्हिडंट फंड सक्तीचा, इथं कसला फंड? असंघटित कामगारांची पेन्शन योजना २०१९ साली आली, तिच्यात चाळिशीच्या आतच शिरता येतं. अण्णा तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेले. तुमच्या घरातलं तरणं पोर गाडीवर असेल तर त्याचं वय आजच मोजा आणि त्याला नाव घालायला सांगा.

पोरगा म्हणत होता, कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ, अण्णांना चालवायला बरा. मी स्पष्ट नको म्हटलं. पाच एकराला ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही, आणि भाड्यानं दुसऱ्यांची रानं करायची तर पुन्हा रात्रंदिवस तेच बूड हलवणं आलं. अण्णांनाही ते पटलं.

आता शेतीकडं येऊ. मृगात एक दणका पाऊस झाला. अण्णांना दम निघेना. रस्ता मोकळा दिसला की गाडी काढायची, हा आयुष्यभराचा हिसका. वहिनींनी ढेकूळ फोडून दाखवलं, वर ओल आणि खाली कोरडं. म्हणाल्या, "थांबा अजून." पण अण्णांनी ट्रॅक्टर सांगून एक एकर पेरून घेतलं. नंतर पावसानं डोळे वटारले. उगवलं ते करपलं, बाकीचं उगवलंच नाही.

मंडळी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे मी तुम्हाला सांगून सांगून थकलो. वहिनींना मिलिमीटर माहीत नाही, ढेकूळ माहीत आहे. राहिलेले चार एकर त्यांनी ओल गेल्यावरच पेरले, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. अण्णांच्या एकराला दुबार पेरणी आली, तर कोठीतून त्यांनी एकराचं तीस किलो बी काढून दिलं. घरचं बी राखलेलं होतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवायचे, सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं, कमी उगवले तर पेरताना प्रमाण वाढवायचं. हे त्या दर उन्हाळ्यात करतात. नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. अण्णा मला म्हणाले, "बोलली असती तर बरं झालं असतं."

इथं मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी इतकी वर्षं या शिवारात फिरतो. मेळाव्याची, प्रात्यक्षिकाची यादी करताना माझ्या डायरीत अण्णांचं नाव, कारण सातबारा अण्णांचा. अण्णा कुठं, तर कोइमतूरच्या रस्त्याला. मग मी शेरा मारायचो, "गैरहजर". ज्या बाईनं तीस वर्षं रान कसलं तिला मी एकदाही बोलावणं धाडलं नाही. बी तपासणीची गोणपाटाची रीत मी मेळाव्यात शिकवत होतो आणि ती बाई माझ्या आधीपासून करत होती. पीएम किसानचे सहा हजारही २०१९ पासून अण्णांच्याच खात्यावर पडतात.

जुन्या वाचकांना आठवत असेल, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं घरच्या लक्ष्मीचं नाव जमिनीला लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. मग शासनानंही १९९२ साली परिपत्रक काढलं. नवऱ्यानं राजीखुशीनं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. भावाभावांत वाटणी बाकी असेल तर ती आधी उरकावी लागेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल शेतकरी महिलांचं म्हणून ठरवलंय, ठीक आहे, पण आपल्याकडं हा कागद त्याच्या कितीतरी आधीपासून पडून आहे.

मी अण्णांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बिडी विझवली आणि म्हणाले, "बघू." दोन महिने झाले, अर्ज अजून गेलेला नाही. जमीन माणसाच्या हातून सुटत नाही लवकर, आणि त्यांच्या हातून तर नुकतंच स्टेअरिंगही सुटलंय. मी पुन्हा विचारणार आहे.

एक गोष्ट मात्र नव्यानं झाली. तीस वर्षं रात्री जागलेल्या माणसाला अंधार पडला की झोप येत नाही. अंगणात येरझाऱ्या घालायचे. आता ज्या आठवड्यात मोटारीला रात्रीची वीज येते त्या आठवड्यात पाणी द्यायला अण्णा जातात. पूर्वी वहिनी जायच्या, पोरगा लहान असताना त्याला पाठीशी बांधूनसुद्धा गेलेल्या. मी अण्णांना एवढंच बजावलं की साखर आहे, पायाला जखम झाली तर कळायची नाही, चिखलात अनवाणी जाऊ नका. वहिनींनी बाजारातून त्यांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणून दिलेत. कोणत्या वाफ्याला किती वेळ पाणी, हे मात्र त्या आदल्या सांजेलाच सांगून ठेवतात.